चादर गळ्यापर्यंतच

ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला की लोक बाजूला होतात, तसे या शहरातही व्हायचे. पण सेवा सुरू झाली त्या वर्षी एक अडचण होती. गाडीतून सावकाश नावाचा मदतनीस उतरताना दिसला की लोक नुसते बाजूला होत नसत. ते टोप्या काढायचे, आवाज खाली आणायचे आणि माना खाली घालून उभे राहायचे. आत झोपलेल्या माणसाला हे सगळं उघड्या दारातून दिसत असे. पाय मोडलेल्या एका टपालवाल्याने न राहवून विचारलं होतं, "डॉक्टरांनी मला सोडून बाकी सगळ्यांना काही सांगितलंय का?"

लोकांचाही दोष नव्हता. उमेदीची सगळी वर्षं सावकाशने नगरपालिकेची शववाहिका चालवली होती. त्याची काळी गाडी ज्याच्या दाराशी कधी ना कधी उभी राहिली नाही असं घर शहरात सापडणं कठीण होतं. सावकाश हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हे. शववाहिका ज्या गतीने हाकायची असते त्या गतीने तो ती हाकायचा, आणि होता होता ती गती त्याच्या चालण्यात, बोलण्यात, बुटाची नाडी बांधण्यातही मुरली. त्याची बायको कपडे रफू करण्याचं आणि कमी-जास्त करून देण्याचं दुकान चालवायची. ती गिऱ्हाइकांना सांगे, "घराला आग लागली म्हणून सांगितलं, तर आमचे हे आधी विचारतील, कोणत्या खोलीला?"

मग नगरपालिकेच्या मनात आलं की शहराला तातडीची वैद्यकीय सेवा हवी. तोवर आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे हाताला लागेल ते वाहन. टॅक्सी, शेजाऱ्याची मोटार, नाहीतर भाजीचा टेम्पो. टेम्पोतून माणूस आणि कोबी एकाच काळजीने नेले जात, म्हणजे दोघांच्याही नशिबावर. काहीच मिळालं नाही तर सावकाशची गाडी होतीच, पण तिच्यासाठी थोडं थांबावं लागे.

नव्या सेवेसाठी माणसं घ्यायची होती. नेमणूक करणाऱ्या साहेबांनी सावकाशला विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

सावकाशने नीट विचार केला. "जिने येतात," तो म्हणाला.

हे खरं होतं. कोणत्या इमारतीचा जिना कुठे अरुंद होतो, कोणत्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, कोणत्या गल्लीत गाडी शिरते पण तिचं दार उघडत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. साहेब धूर्त होते. शहर असं आतून-बाहेरून माहीत असलेला दुसरा एकच माणूस त्यांच्या ऐकिवात होता आणि तो तुरुंगात होता. त्यांनी सावकाशला घेतलं.

गाडी चालवायला बसबाई आली. शहर बसवर तिची हयात गेली होती, आणि सावकाशमध्ये ज्याची कमतरता होती ते सगळं, म्हणजे वेग, बडबड आणि राग, तिच्यापाशी दोघांना पुरेल इतकं होतं. खोड एकच. बसचा थांबा दिसला की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. सुरुवातीला एकदा ती भोंगा वाजवत थांब्यावर थांबली, आणि काय झालं ते तिला कळेपर्यंत दोन म्हातारे मागचं दार उघडून चढले होते. त्यांना उतरवणं फार अवघड गेलं. गाडीत झोपायची सोय आहे हे त्यांनी पाहिलं होतं.

शिकवायला सिस्टर होत्या. तातडीच्या विभागात जन्म घालवलेली बाई. आवाज असा, की मागच्या बाकावरचा माणूस झोपेतही वही उघडायचा.

"पळायचं नाही," त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. "पळणारा पडतो, आणि मग एकाच्या जागी दोन आजारी होतात. आधी थांबायचं. बघायचं. वरून काही पडेल का, खाली उघडी वायर आहे का, गॅसचा वास येतोय का. मग चालत जायचं. सगळे टाहो फोडत असतात तेव्हा एकाने तरी चालत यायला हवं."

सावकाश आनंदाने मान हलवत राहिला. ज्या गोष्टीसाठी जन्मभर बोलणी खाल्ली ती इथे अभ्यासक्रमात होती.

"दोघं पडलेत," सिस्टर म्हणाल्या. "एक बोंबलतोय, एक गप्प आहे. आधी कुणाकडे जाल?"

"बोंबलणाऱ्याकडे," वर्ग एकसुरात म्हणाला.

"का?"

"त्याला जास्त दुखतंय."

"बोंबलायला श्वास लागतो. त्याच्यापाशी तो आहे. गप्प आहे त्याच्याकडे जा. संसारातही हाच नियम आहे, पण तो परीक्षेला नाही."

मग त्यांनी क्रम घोटून घेतला. आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास चालू आहे का, मग रक्त फिरतंय का. या तीन गोष्टी होईपर्यंत चौथी करायची नाही, मग समोर कुणाचं हाड बाहेर आलेलं असो की कुणाचे वडील रडत असोत. आणि एक दिवस, खडू हातात धरून, फळ्यावर काहीही न लिहिता त्या म्हणाल्या, "हृदय थांबलं म्हणजे माणूस संपला, असं तुम्ही समजता. तसं नसतं. मधे एक पट्टी असते. अरुंद असते, थोड्या मिनिटांची असते, पण असते. डॉक्टर त्या पट्टीवर नसतात, ते दवाखान्यात असतात. त्या पट्टीवर तुमची नोकरी आहे."

सावकाशचं लिहिणं थांबलं. आजवर त्याला वाटत होतं की मधे भिंत आहे. अलीकडे माणसं, पलीकडे तो आणि त्याची गाडी. त्या भिंतीला जाडी आहे, आणि तिच्यात उभं राहून हात पुढे करण्याइतकी जागा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडे इतकी वर्षं गाडी लावून उभं राहूनही हे आपल्या लक्षात आलं नाही याचं त्याला वाईट वाटलं नाही. तो चकित झाला. घरात राहता राहता एखादी खोली नव्याने सापडावी तसा.

नाडी बघायला शिकवलं त्या दिवशी त्याच्या वाट्याला बसबाईचं मनगट आलं. मनगटं त्याने आयुष्यात पुष्कळ हाताळली होती. बाजूला लोंबलेला हात उचलून छातीवर ठेवायचा, हे त्याचं रोजचं काम होतं. त्यातल्या एकाही मनगटाने त्याला आतून कधी टिचकी मारली नव्हती. बोटाखाली पहिला ठोका आला तसा त्याने हात मागे घेतला.

"चावलं का काय?" बसबाई म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा बोटं टेकवली. "केवढं जोरात आहे हे."

"माझं सगळंच जोरात असतं. मोजा आता, का पत्रिका बघताय?"

त्या संध्याकाळी तो बायकोच्या दुकानात गेला. ती कुणाच्या तरी पँटचा पाय आखूड करत होती, तोंडात टाचण्या धरून. त्याने तिचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

"काय आठवलं आता?" ती टाचण्यांमधून म्हणाली.

"काही नाही. चालू आहे."

"काय चालू आहे?"

"तू."

तिने टाचण्या तोंडातून काढल्या आणि मनगट त्याच्याच हातात राहू दिलं.

एवढं शिकूनही हात मात्र जुनेच होते. हातांना वर्ग भरवून शिकवता येत नाही. पहिल्या काही दिवसांतच एका निवृत्त गायनशिक्षिका बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. सावकाशने त्यांना फार सुरेख उचललं. एक हिसका नाही की धक्का नाही. पट्टे बांधले. चादर पायापासून वर घेतली, एकही चुणी न ठेवता ती चेहऱ्यावरून नेली, डोक्याखाली खोचली आणि रीतीप्रमाणे क्षणभर स्तब्ध उभा राहिला.

चादरीच्या आतून बाई म्हणाल्या, "मला अजून बघायचंय."

शहराला ही गोष्ट वर्षभर पुरली. सिस्टरांनी त्याला बोलावून घेतलं. "चादर गळ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "गळा म्हणजे हनुवटीच्या खाली. हनुवटी म्हणजे तोंडाच्या खाली. आणखी काही शंका?" त्या हसल्या नाहीत. मात्र त्यानंतर त्या मागच्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने, डोळे पुसून, बाहेर आल्या.

या गोष्टीचा सगळ्यात जास्त प्रसार केला तो सावकाशच्या मेहुण्याने. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चाव्या बनवायचा. बंद पडलेलं कुलूप, हरवलेली चावी, आत अडकलेलं मूल, सगळ्यांना त्याची आठवण यायची. माणूस तसा धीट. फक्त सावकाशच्या गाडीला भ्यायचा. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने एकच अट घातली होती: नवऱ्याने पायी यावं. पुढे जन्मभर, काळी गाडी दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि पलीकडून प्रेमाने हात हलवायचा. गाडी पांढरी झाली तरी त्याने पलीकडे जाणं सोडलं नाही.

"अरे, ही वेगळी गाडी आहे," बहीण सांगे.

"गाडी वेगळी असेल, ताई. मागे बसलेला माणूस तोच आहे ना? भावोजींबद्दल माझं काही म्हणणं नाही. देवमाणूस आहे. पण त्यांच्या गाडीतून गेलेला कुणी परत आल्याचं मी ऐकलं नाही."

आणि एके दुपारी नियंत्रण कक्षातून निरोप आला. पुरुष, मध्यम वय, छातीत दुखतंय, तिसरा मजला. पत्ता सांगायला लागल्यावर निम्म्यातच सावकाशने मान हलवली.

बसबाईने त्याच्याकडे पाहिलं. "सावकाशराव, हे तुमच्या—"

"हो."

"दुसरी गाडी मागवू?"

"दुसरी लांब आहे. चला." तो हातमोजे चढवत होता. बोटं नेहमीसारखीच एकेक करून आत जात होती.

इमारतीशी तो उतरला, पिशवी आणि शॉकचं यंत्र घेतलं आणि जिना चढू लागला. चालत. वरून कुणीतरी कठड्यावरून वाकून ओरडत होतं की लवकर या, लवकर या. ती मेहुण्याची बायको होती; सावकाश तिला वहिनी म्हणायचा. फोन तिनेच केला होता, नवऱ्याला न सांगता.

मेहुणा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि एका हाताने तो जबडा चोळत होता. नवा शर्ट होता.

"कशाला आलात, भावोजी?" तो म्हणाला. "पित्त झालंय. हिला काही समजत नाही."

सावकाश त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि मनगट हातात घेतलं. ठोके येत होते, पण रेंगाळत, मधेच एखादा गाळून, कंटाळलेल्या कारकुनासारखे. त्याने रक्तदाब घेतला. दुखणं कधी सुरू झालं, कुठे कुठे जातंय, कोणती गोळी चालत नाही, पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता का, हे विचारलं. मग एक गोळी हातावर ठेवली. "चावून खा. गिळू नकोस."

मेहुण्याने चावली. "कडू आहे."

"असते."

"तुमच्याकडे गोड कधी काही नव्हतंच म्हणा."

"दवाखान्यात जायला हवं. हे पित्त नाही."

"जाईन ना. अगं, टॅक्सी बोलव."

"टॅक्सी नको. खाली गाडी आहे."

"त्या गाडीत मी बसणार नाही," मेहुणा म्हणाला. हे तो हळू, पण अगदी शुद्धीत म्हणाला, आणि अडचण नेमकी तीच होती. शहाणा माणूस शुद्धीत नाही म्हणाला तर त्याला बळेच उचलता येत नाही. सिस्टरांनी हेही शिकवलं होतं, आणि सावकाशला ते तेव्हा फार सोपं वाटलं होतं, कारण त्याच्या जुन्या प्रवाशांना कुणी कधी काही विचारत नसे.

टॅक्सीपर्यंत जायचं तर सगळा जिना पायी उतरायला हवा होता. त्या हृदयात तेवढ्या पायऱ्या उरलेल्या नव्हत्या. आणि उरल्या असत्या तरी टॅक्सीत शॉकचं यंत्र नव्हतं. खोलीत हे फक्त सावकाशला कळत होतं. बायकोच्या धाकट्या भावाचा जीव आता एका हो-नाहीवर अडकला होता, आणि हो म्हणवून घेण्याचं कसब त्याच्या अंगात कधीच नव्हतं.

"भावोजी, खरं सांगा," मेहुणा म्हणाला. "तुमच्या गाडीतून नेलेलं कुणी परत आलंय?"

थाप मारणं सोपं होतं. वहिनी तर डोळ्यांनी सांगतच होती की मारा.

"मला माहीत नाही," सावकाश म्हणाला. "आम्ही दवाखान्याच्या दारात सोपवतो. पुढचं आम्हाला कुणी कळवत नाही."

"बघ," मेहुणा बायकोला म्हणाला. "यांनाच माहीत नाही."

"पण टॅक्सीने जाणाऱ्यांचं काय होतं ते माहीत आहे. टॅक्सीने, टेम्पोने, पायी. त्यांच्या घरचे नंतर मलाच बोलवायचे."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"पेशंटला असं सांगतात?" मेहुणा शेवटी म्हणाला.

"पेशंटला नाही. मेहुण्याला."

मेहुण्याने डोळे मिटले, उघडले. घाम त्याच्या पापण्यांवरून ओघळत होता. "मी आडवा होणार नाही. बसूनच येईन. आणि चादर नको. माझ्या अंगावर नको, गाडीतही नको. एकही."

"बसबाई," सावकाश म्हणाला, "सगळ्या चादरी काढा."

बसबाईने तोंड उघडलं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं, आणि खाली जाऊन गाडीतल्या सगळ्या चादरी तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात टाकून आली. येताना घडीची खुर्ची घेऊन आली.

मेहुण्याला खुर्चीत बसवून, पट्टे आवळून दोघांनी उचललं. सावकाश डोक्याकडे, बसबाई पायांकडे. मधल्या वळणावर कठड्याचा गज बाहेर आलेला आहे हे त्याला ठाऊक होतं. तिथे त्याने खुर्ची न सांगताच कलती केली.

"हळू," मेहुणा म्हणाला.

"यांना दुसरं काही येतं का?" खालून बसबाई धापा टाकत म्हणाली. "तुम्ही नुसतं गप्प बसा, साहेब. कुलूप लावा तोंडाला. तुमच्या धंद्यातलंच सांगतेय."

गाडीत त्याला टेकून बसवलं. वहिनी पुढे, बसबाईच्या शेजारी. भोंगा सुरू झाला. सावकाश समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"दुकान उघडं राहिलंय," मेहुणा म्हणाला. "गंमत बघा. साऱ्या गावाला कुलपं देतो, आणि माझ्याच दाराला—"

तो पुढे बोलला नाही. मान खाली गेली, एक हात मांडीवरून घसरून लोंबला.

सावकाशला तो चेहरा लगेच ओळखू आला. मेहुण्याचा म्हणून नव्हे. मेहुण्याचा चेहरा बाजूला सारून तिथे जो दुसरा चेहरा येऊन बसला होता तो. म्हाताऱ्यांचा, तरुणांचा, बायांचा, पुरुषांचा, सगळ्यांचा शेवटी एकच होणारा तो चेहरा. त्याच्याशी सावकाशची जन्माची ओळख होती. आणि ओळखीचं माणूस भेटल्यावर हात जसा आपसूक उचलला जातो, तसा त्याचा हात उचलला गेला आणि बाजूच्या कप्प्यात चादरीसाठी गेला.

कप्पा रिकामा होता.

हात तिथेच थांबला. त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीला पुढची पायरीच सापडेना, आणि त्या पोकळीत सिस्टरांचा आवाज आला. हाताला विचारू नका, यंत्राला विचारा.

"थांबवा," सावकाश म्हणाला. तो ओरडला नव्हता, पण बसबाईने ऐकलं. धावत्या गाडीत यंत्राला हृदयाचा ठाव लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिचा पाय ब्रेकवर गेला, आणि गाडी जिथे थांबली तिथे अर्थातच बसचा थांबा होता.

तिने मागची दारं उघडली तोवर सावकाशने मेहुण्याला आडवं केलं होतं, तळहातावर तळहात ठेवला होता आणि छाती दाबायला सुरुवात केली होती. मोठ्याने मोजत. वहिनी मागे आली, दाराला धरून उभी राहिली.

"श्वास घेतायत," ती म्हणाली. "बघा ना, घेतायत."

मेहुण्याच्या तोंडून एक घरघर निघाली, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तशी. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

"हा श्वास नाही, वहिनी," सावकाश मोजण्याच्या मधे म्हणाला. "खाली बसा तुम्ही."

बसबाईने कात्रीने शर्ट मधोमध कापला आणि यंत्राच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, एक उजव्या खांद्याखाली, एक डाव्या काखेखाली. यंत्रातली बाई बोलू लागली. हवामान सांगणाऱ्या बाईसारखा आवाज, ना आनंद ना दुःख. कुणीही स्पर्श करू नका. तपासणी चालू आहे. शॉक आवश्यक आहे. सावकाशने हात वर केले, आजूबाजूला बघून घेतलं, बटण दाबलं. मेहुण्याचं अंग उसळलं आणि पडलं. चेहरा तोच राहिला.

"पुन्हा," सावकाश स्वतःलाच म्हणाला, आणि पुन्हा दाबू लागला. बसबाई मास्कला लावलेल्या फुग्याने श्वास देत होती. तळहाताखाली काहीतरी कट्‌ करून वाजलं. तो थांबला नाही.

थांब्यावरचे लोक रांग न मोडता बघत होते. बस आली, थांबली आणि कुणीच न चढल्यामुळे निघून गेली. एका म्हाताऱ्याने हळूच टोपी काढली.

"आजोबा, टोपी घाला," बसबाई मान वर न करता म्हणाली.

"अहो, पण—"

"घाला म्हणते ना."

म्हाताऱ्याने टोपी घातली.

सावकाश दाबत होता. घाम नाकावरून मेहुण्याच्या छातीवर ठिबकत होता. जन्मभर तो असल्या शरीराशी फक्त सौजन्याने वागला होता. त्याच्याशी असं भांडण तो पहिल्यांदाच काढत होता, भर रस्त्यात, लोकांसमोर. आणि तो दाबत असतानाच तळहाताखालून काहीतरी वेगळं आलं. आधी त्याला आपल्याच दंडातली थरथर वाटली. मग मेहुण्याचा हात उचलला गेला, हवेत चाचपडला, आणि त्याने सावकाशचा हात छातीवरून ढकलला. अंगावर आलेल्या मांजराला ढकलावं तसा, वैतागून.

सावकाशने हात काढले आणि गळ्यावर बोटं टेकवली. ठोका होता.

आणि मग त्याने जे पाहिलं ते कुणाला सांगायची वेळ आली तेव्हा त्याला कधी नीट सांगता आलं नाही. रंग आधी कानाच्या पाळीला आला. तिथून गालावर, तिथून ओठांवर, कुणीतरी आतून एकेका खोलीत दिवा लावत यावं तसा. तो चेहरा, ज्याची त्याला जन्माची ओळख होती, त्याला आजवर नेहमी पोचल्यावरच भेटला होता. मुक्कामावर, शांत, परतीचं नाव नसलेला. तो चेहरा निघून जाऊ शकतो, मागे वळू शकतो, आणि तो गेला की त्याच्याखाली चावीवाल्याचा रागीट, घामेजलेला, दाढी वाढलेला चेहरा जसाच्या तसा असतो, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. पट्टी खरंच होती. आत्ता तो तिच्यावर गुडघे टेकून बसला होता, आणि तिची रुंदी एका बसथांब्याएवढी होती.

"सावकाशराव," बसबाई दबक्या आवाजात म्हणाली. "निघू का?"

त्याने मान हलवली.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. त्याने सोपवताना सांगायचं ते सांगितलं. दुखणं कधीपासून, गोळी कोणती, हृदय कधी थांबलं, शॉक किती, परत कधी सुरू झालं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं, "बरं झालं तिथेच थांबलात," एवढं म्हणाल्या, आणि चाकांचा आवाज करत पलंग आत गेला. दारं मिटली. एरवी सावकाशचं काम इथे संपायचं. दारं मिटली की पलीकडचं पलीकडच्यांना.

गाडी धुऊन होईपर्यंत दुसऱ्या कामाला बोलावत नाहीत, असा नियम आहे. त्या दिवशी गाडी फार वेळ धुतली गेली. बसबाईने चाकं पुसली, आरसे पुसले, मग आधीच पुसलेले आरसे पुन्हा पुसले. निरोप मिळताच सावकाशची बायको दुकान टाकून आली, तशीच, गळ्यात मापाची टेप. ती भावाला बघायला आत गेली नाही, कारण कुणी जाऊ देत नव्हतं. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि टेप बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. सावकाश आतली जमीन पुसत होता.

"वाचेल का?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तू कधी खोटं बोलायला शिकणार आहेस?"

"शिकवलं नाही तिथे," सावकाश म्हणाला. ती हसली नाही, पण टेप गुंडाळायची थांबली.

उन्हं कलायला लागली तेव्हा वहिनी बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते आणि ती बरीच चिडलेली दिसत होती.

"हृदयाची नळी अडकली होती ती मोकळी केली म्हणाले," ती म्हणाली. "जिवावरचं टळलंय. बोलतायत."

बायकोने टेप तोंडावर दाबून धरली आणि रडू लागली.

"काय बोलतोय?" सावकाशने विचारलं.

"काय बोलणार? शिव्या देतायत. छाती दुखतेय म्हणे. आतून नाही, वरून. डॉक्टरीण म्हणाल्या दाबताना बरगडी मोडली, तेव्हापासून सगळ्या वॉर्डाला सांगत सुटलेत, माझ्या सख्ख्या भावोजीने माझी बरगडी मोडली. शर्ट कापला तो एकदाच घातला होता, बटणाच्या बाजूने सोडता आला नसता का. गाडीला मागे धक्के बसतात. आणि आडवा होणार नाही म्हणून बजावलं होतं, तरी केलं. नगरपालिकेत तक्रार देणार आहेत, बरे झाले की."

सावकाश गाडीतून उतरला. हातात ओलं फडकं तसंच होतं आणि त्याचं पाणी बुटावर गळत होतं. इतकी वर्षं तो माणसं नेत होता, आधी त्या गाडीतून, आता या गाडीतून. नेलेल्या माणसाने आपल्या कामात खोट काढली, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"काय?"

"तो म्हणाला ते. सगळं."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे पाहिलं. "शिव्यांसकट?"

"शिव्यांसकट," सावकाश म्हणाला. "सावकाश सांगा. मला वेळ आहे."

बसबाईने पुढे वाकून रेडिओचा आवाज बारीक केला, आणि वहिनीने बरगडीपासून सुरुवात केली.